शेवटचं पळणं

"शेवटचं कधी पळालात, जयश्रीबेन?" डॉक्टरांनी विचारलं. प्रश्न साधाच होता. वापीच्या त्या दवाखान्यात डॉक्टर उजेडाच्या पेटीवर फिल्म लावून, पेनच्या टोकाने तिच्या उजव्या गुडघ्यातली गादी कुठे फाटली आहे ते दाखवत होते. तिचा नवरा शैलेश पुढे वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, ती काळी-करडी रेघ शोधत होता. उत्तर त्यानेच दिलं. "सव्वा वर्ष झालं, साहेब. वसईची मॅरेथॉन झाली, त्यानंतर बंदच." जयश्रीने मान हलवली. खरं उत्तर तिला तोंडपाठ होतं. चौतीस दिवसांपूर्वी, शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "जुओ बेन, चालायला, शाळेला, घरच्या कामाला आपरेशन जरूरी नाय. व्यायाम सांगतो तो करा, जिने कमी करा, वर्षानुवर्षं चालेल. पण पळायचं असेल तर दुर्बीण घालून ही फाटलेली गादी साफ करावी लागेल. छोटी दोन भोकं, बस. त्यानंतरपण शंभर टक्के ग्यारंटी मी देणार नाय. एटले तुम्ही मला एकच सांगा, पळायचं आहे का नाय?" शैलेश तिच्याकडे बघून हसला, जणू हा काय प्रश्न झाला. "विचार करून सांगते," ती म्हणाली. डॉक्टरांनी मे महिन्याची सात तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली.

परतताना हायवेवर शैलेश बोलत होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती. तलासरी आली. रस्त्याच्या कडेने घरांसमोर निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांचे तंबू अजून उभे होते. नोव्हेंबरपासून जमीन हलत होती आणि लोक घरं असून बाहेर राहत होते. एका तंबूपुढे बाई भांडी घासत बसली होती आणि तिच्या मागे पक्क्या घराचं दार सताड उघडं होतं. शैलेश म्हणाला, "करून टाक. शाळेला सुट्टीच असणार. मी पण रजा टाकतो, स्टेशनात बुकिंगला सध्या माणसं आहेत." मग म्हणाला, "तुला एक सांगू? तू पळत नव्हतीस ना, हे सव्वा वर्ष, तेव्हा घरात तू असून नसल्यासारखी होतीस. मला ती पळणारी बाई बरी वाटते." त्याने हे फार सहज म्हटलं. असं बोलणारा नवरा किती जणींना मिळतो. वसईला शेवटच्या वळणावर तो पाण्याची बाटली घेऊन दोन तास उन्हात उभा राहिला होता आणि ती दिसताच तिच्या बाजूने चपला फटफटवत पन्नास पावलं धावला होता. त्याला सांगता आलं असतं. चारोटीच्या पुलापासून आशागडपर्यंतचा रस्ता तेवढ्यासाठी पुरला असता. ती म्हणाली, "एसी जरा कमी कर."

पळणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या माहेरी, बोर्डीला, ओहोटीच्या वेळी समुद्र पार आत जातो आणि मागे फरसबंदीसारखी टणक वाळू उरते. शाळेतली पोरं त्या वाळूवर आपोआप पळतात. आठवीत शांताराम सरांनी तिला बाजूला काढलं. सर खेळ शिकवायचे, तोंडात कायम बडीशेप. "पळताना मागं बघायचं नाही," ते सांगायचे. "मागं कोण आहे ते तुझं काम नाही. मान वळली की पाऊल चुकलं." दोन वर्षं ती मान न वळवता पळाली आणि जिल्ह्यापर्यंत गेली. मग वडील म्हणाले, पुरे, लोक बघतात. तिला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. डीएड, नोकरी, लग्न, मुलगी अदिती, हे सगळं रांगेने आलं. आणि मग सासूबाई पडल्या. मनोरमाबाईंची डावी बाजू गेली, आणि सहा वर्षं जयश्री शाळा सोडून उरलेला सगळा वेळ हाकेच्या अंतरात राहिली. डहाणूचं ते तीन खोल्यांचं घर, त्यात मधल्या खोलीत कॉट. "जयू." ही हाक दिवसातून किती वेळा यायची कोण जाणे. तिने कधी ओ दिली नाही असं झालं नाही. लोक त्याबद्दल तिचं कौतुक करायचे आणि ते खोटं नव्हतं. दोन हजार चौदाच्या डिसेंबरात सासूबाई गेल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती अदितीचे जुने बूट घालून किनाऱ्यावर गेली आणि पारनाक्याच्या बाजूला तोंड करून पळत सुटली. अडतीस वर्षांची बाई, सलवारवर शैलेशचा स्वेटर. दोन मिनिटांत छाती फुटायला आली. थांबली तेव्हा मागे वळून पाहिलं तर किनाऱ्यावरची घरं लहान दिसत होती आणि कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. तिला रडू येईल असं वाटलं होतं. तिला चक्क भूक लागली. त्यानंतर तीन वर्षं ती रोज पळाली. मच्छीमार बायका ओळखून हात करायला लागल्या. शोकेसमध्ये पदकं लागली. या सगळ्याला लोक फिटनेस म्हणायचे आणि तीही म्हणायची. वसईच्या शर्यतीत अठराव्या किलोमीटरला गुडघ्यात आतल्या बाजूला कट् झालं. तिने मागे पाहिलं नाही, शर्यत पुरी केली. त्यानंतर गुडघा सुजायचा, जिना उतरताना अडकायचा, कधी वर्गात खुर्चीतून उठताना मधेच असा अडके की फळ्याला धरून उभं राहावं लागे. चारशे पावलं पळून बघितलं तरी रात्रभर ठणका. सगळ्यांना माहीत होतं, बाईंना पळता येत नाही.

आणि एक फेब्रुवारीला ती पळाली. तलासरीच्या आतल्या बाजूला, रस्ता संपून पाडा सुरू होतो तिथे तिची शाळा. दोन शिक्षक, चार वर्ग, एकच मोठी खोली. दुसरे शिक्षक दिपक सर त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला गेले होते, म्हणून तेवीसही मुलं तिच्यापुढे बसली होती. सकाळपासून दोन छोटे हादरे होऊन गेले होते. त्यांची सवय झाली होती. मुलं "आला" म्हणायची, हसायची, पुन्हा पाटीकडे बघायची. शाळा बाहेर झाडाखाली भरवा असं वरून तोंडी सांगितलं होतं, पण दुपारचं ऊन तिथे येतं, म्हणून जेवणानंतर तिनेच सगळ्यांना आत घेतलं होतं. हेही तिनेच. ती फळ्याकडे तोंड करून हातच्याची बेरीज लिहीत होती. आधी आवाज आला, जमिनीखालून रिकामा ट्रक दगडांवरून गेल्यासारखा, मग फळा तिच्यापासून दूर गेला आणि परत आला. पुढचं तिला आठवतं ते असं, की ती आंब्याच्या झाडाखाली उभी होती. मधलं चाळीस-पन्नास पावलांचं अंतर तिच्या आठवणीत नाही. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या आहेत, त्या ती कधी उतरली? गेलं वर्षभर ती त्या पायऱ्या एकेक करून, भिंतीला धरून उतरत होती. झाडाखाली उभी राहून तिने श्वास घेतला आणि तिच्या मनात जे पहिलं वाक्य आलं ते होतं, दुखला नाही. गुडघा दुखला नाही. इतकंच नाही. त्याच्या मागोमाग छातीत काहीतरी उसळून आलं, ते ओळखीचं होतं. पहाटेच्या किनाऱ्यावर पहिला किलोमीटर संपताना यायचं ते. आनंद. एक क्षण, अर्धा क्षण असेल. मग तिने मान वळवली.

मुलं दारातून बाहेर येत होती, एकमेकांना ढकलत, काही रडत, काही तोंड उघडं ठेवून नुसतीच. आणि त्यांच्या उलट दिशेने रखमी आत जात होती. रखमी शाळेत खिचडी रांधायची. पन्नाशीची, काटक, कासोटा घातलेली. ती बाजूच्या शेडमधून धावत आली आणि मुलांच्या लोंढ्यात हात घालून, त्यांना दोन्ही बाजूंना सारत आत घुसली. मग लोखंडी कपाट पडल्याचा आवाज आला. जयश्री तिथेच उभी होती. ती त्यानंतर धावत परत गेली, हे खरं आहे, पण जमीन थांबल्यावर गेली. कपाट तिरकं पडून भिंतीला अडलं होतं, त्याच्या सांदीत दोन मुली होत्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या, ओरखडाही नाही. रखमीचा पाय कपाटाखाली होता. घोट्याखाली पाऊल भलतीकडे वळलेलं. रखमी ओरडत नव्हती. ती म्हणाली, "आधी पोरीना घ्या, बाय."

दोन दिवसांनी चौकशीला साहेब आले. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात रखमीच्या कॉटशेजारी उभं राहून त्यांनी लिहून घेतलं, आणि जयश्री पायाशी उभी होती. रखमी छताकडे बघत म्हणाली, "बायनी पोरां भायेर काढली. दोन राहली त्यांना आणाया मी गेली." साहेबांनी पेन थांबवून जयश्रीकडे आदराने पाहिलं. तेव्हा बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून शॉकमध्ये आहात, बसा." ती बसली. चार दिवसांनी पेपरात तीन इंची बातमी आली, शिक्षिकेच्या प्रसंगावधानाने तेवीस विद्यार्थी सुखरूप. शैलेशने बातमीचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. अदितीने पुण्याहून फोन केला आणि रडली. "आई, तुझ्या त्या पायाने तू..." ती म्हणाली. जयश्री म्हणाली, "अगं, तसं काही नाही." हे वाक्य तिने त्या आठवड्यात खूप जणांना म्हटलं आणि प्रत्येकाला तो विनय वाटला.

वापीहून आल्यानंतरच्या रविवारी ती रखमीकडे गेली. आदल्या रात्री तिने शैलेशला सांगितलं होतं, ऑपरेशनचं आठवड्यात ठरवते. खरं तर तिच्या मनात एक हिशेब तयार होत होता आणि तो तिला आवडायला लागला होता: ऑपरेशन करायचं नाही. गुडघा असाच ठेवायचा, आयुष्यभर. पाय अडकेल तेव्हा अडकू दे. म्हणजे पुढच्या वेळी पळायला पायच नसेल. रखमी घराबाहेर ताडपत्रीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. प्लास्टर कालच काढलं होतं. पाऊल सुकून लहान झालं होतं आणि किंचित आत वळलेलं राहिलं होतं. बोटं एकमेकांवर चढल्यासारखी. जयश्रीने आणलेली केळी तिने बाजूला ठेवली. नात रूपी, दुसरीतली, त्या सांदीतल्या दोघींपैकी एक, दारात बसून केळ्यांकडे बघत होती. आजीने तिला एक दिलं आणि लांब पिटाळलं. "चालता येतं का?" जयश्रीने विचारलं. "काठी घेऊन येत. चुलीपाशी बसून रांधीन. शाळा हाय ना अजून माझी?" "आहे," जयश्री म्हणाली. "तुझी जागा कुणाला देणार नाही." खालच्या अंगाला कुणीतरी घराच्या भिंतीची भेग शेणमातीने लिंपत होतं. जयश्री म्हणाली, "रखमी, तू साहेबांना तसं का सांगितलंस?"

"कसा?"

"मी मुलांना बाहेर काढलं म्हणून. मी काढलं नाही. मी पळाले. तू बघितलंस."

रखमीने काठीच्या टोकाने जमिनीवर एक रेघ ओढली. "बघितला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. "मंग काय सांगू सायबाला? तुमाला काढतील, दुसरी बाय येल. तुमच्या आधी होती ती महिन्यात चार दिस येय. तुमी रोज येता. पाऊस असो, काय असो. पोरां वाचाया लागली." ती थांबली, आणि मग जणू एवढं सांगून भागणार नाही असं वाटून म्हणाली, "आन् माझी रूपी आत होती. ती नसती तं मी पन पलाली असती, बाय. कोनाचा काय." जयश्री माफी घ्यायला आली होती की शिक्षा, तिलाच ठाऊक नव्हतं; पण यातलं काहीही मिळणार नाही हे तिला आता कळत होतं. रखमीने तिला तोलून पाहिलं होतं आणि कामाची म्हणून ठेवून घेतलं होतं. उठताना गुडघा अडकला. रखमीने काठी पुढे केली. "धरा. तुमचा पन पाय बरा नाय ना." जयश्रीने काठी धरली आणि उभी राहिली. परतीच्या वाटेवर तिला कळलं की तिचा तो हिशेबही फुकाचा आहे. हाच गुडघा. फाटलेला, सुजलेला, चारशे पावलांना नकार देणारा. याच गुडघ्याने तिला तीन पायऱ्या उतरवून आंब्याखाली नेलं होतं, आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. पळणारी ती होती. पायाचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढच्या बुधवारी तालुक्याहून आपत्तीवाले साहेब आले. तरुण, उत्साही, गळ्यात शिट्टी. खोलीची डागडुजी झाली होती, कपाट भिंतीला पट्टीने ठोकलं होतं, आणि आजपासून वर्ग आत भरणार होता. साहेबांनी मुलांना मैदानात बसवून समजावलं. शिट्टी म्हणजे भूकंप. दप्तर डोक्यावर, रांग लावायची, ढकलाढकली नाही, बाहेर झाडाखाली. मुलांनी मोठ्याने हो म्हटलं. मग सगळे आत येऊन बसले. जयश्री फळ्यापाशी उभी राहिली. आज ती शेवटी निघणार होती. मागच्या भिंतीपर्यंत जाऊन, एकेकाला पुढे काढून, मग. तिने तसं सकाळपासून मनात तीनदा करून पाहिलं होतं. दिपक सर व्हरांड्यात मोबाईल धरून शूटिंगला तयार होते. शिट्टी वाजली.

तेवीस मुलं एकदम उठली. दप्तरं डोक्यावर गेली. कुणी ढकललं नाही, कुणी ओरडलं नाही. मुलं दारापर्यंत गेली आणि थांबली. दाराच्या दोन्ही बाजूंना त्यांनी आपोआप रांगा केल्या आणि मधे वाट सोडली. सगळी तिच्याकडे बघत होती. जयश्रीला आधी कळेना. "चला," ती म्हणाली, "निघा बाहेर." कुणी हललं नाही. पुढे रूपी उभी होती, डोक्यावरचं दप्तर दोन्ही हातांनी धरून. "बाई, निघा ना," ती म्हणाली. "तुम्ही जा आधी," जयश्री म्हणाली. रूपीने गोंधळून शेजारच्या पोरीकडे पाहिलं, मग पाढा चुकलेल्याला सांगावं तसं सांगितलं, "आधी बाई. मग आपण." त्यात टोमणा नव्हता. तेवीस चेहऱ्यांपैकी एकावरही नव्हता. भूकंप झाला की आधी बाई पळतात, हे त्यांनी पाहिलं होतं, आणि बाई करतात ते बरोबर असतं. बाहेरून साहेबांचा आवाज आला, "मॅडम, काय झालं? वेळ चाललाय." पुन्हा शिट्टी वाजली. मुलं थांबली होती. खरंच जमीन हलली असती तरी ती अशीच थांबली असती, हे तिला लख्ख दिसलं. जयश्री निघाली. त्या दोन रांगांमधून, फळ्यापासून दारापर्यंत, एकेक पाऊल. पायऱ्या भिंतीला धरून उतरली. तिच्या मागे मुलं अगदी सरळ रांगेत आली. झाडाखाली साहेबांनी घड्याळ थांबवलं. वेळ जास्त लागला होता, पण ते खूश होते. "मॅडम, इतकी शिस्त मी कुठल्या शाळेत पाहिली नाही," ते म्हणाले. "पोरं बरोबर तुमच्या मागं येतात."

साहेब गेल्यावर तिने मुलांना पुन्हा आत बसवलं. "आता नियम बदलला," ती म्हणाली. "आधी तुम्ही. बाई शेवटी." रूपीने विचारलं, "मग बाई कशा निघणार?" "निघतील," जयश्री म्हणाली. टाळी वाजवली. मुलं उठली, दाराशी घुटमळली, मागे बघत राहिली. तिने पुन्हा बसवलं. दुसऱ्यांदा निम्मी गेली. तिसऱ्यांदा तिला ओरडावं लागलं, एवढं की एक पोर रडायला लागलं. चौथ्यांदा सगळी गेली. मागच्या भिंतीला पाठ लावून ती रिकाम्या खोलीत एकटी उभी होती. बाहेर मुलांचा घोळका दाराकडे बघत तिची वाट पाहत होता. मग एकेक जण खेळायला लागला.

तिने तिथूनच शैलेशला फोन लावला. "वापीला कळव," ती म्हणाली. "सात तारीख नको. ऑपरेशन करायचं नाही."

"का? काय झालं?"

"मला पळायचं नाही."

पलीकडे बुकिंगच्या खिडकीवर कुणीतरी वलसाडचं तिकीट मागत होतं. शैलेशने त्याला थांबायला सांगितलं. "जयू," तो हळू आवाजात म्हणाला, "घाबरलीस का?"

"हो," ती म्हणाली. "घाबरले."

"अगं, मग असं सांग ना." त्याचा आवाज एकदम मऊ झाला, सुटल्यासारखा. "वेडी का तू? त्यात घाबरायचं काय? भूल देतात. माणसाला काही कळतसुद्धा नाही."

ती ऐकत राहिली. तो आणखी बराच वेळ समजावत होता.